गर्भावस्थेतील उत्तेजक पदार्थांचे व्यसन आणि त्याचे व्यवस्थापन

गर्भावस्थेतील उत्तेजक पदार्थांचे व्यसन म्हणजे गरोदरपणाच्या काळात कोकेन, ॲम्फेटामाइन, मेथॅम्फेटामाइन, मेफेड्रोन आदी मज्जासंस्थेला उत्तेजित करणाऱ्या अमली पदार्थांचे हानिकारक अथवा अनिवार सेवन होय. अशा सेवनामुळे मातेचा रक्तदाब एकाएकी वाढणे, वार वेळेआधी सुटणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणे आणि अर्भकाचे वजन कमी भरणे हे धोके संभवतात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर गर्भावस्थेत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधे दिली जातात. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर मात्र असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध उपलब्ध नाही. त्यामुळे मानसोपचार, समुपदेशन, नियमित प्रसूतिपूर्व तपासणी आणि सामाजिक आधार हेच उपचाराचे मुख्य घटक ठरतात. हे सर्व उपचार स्त्री दवाखान्यात येत राहिली तरच शक्य होतात. म्हणून शिक्षेची आणि बदनामीची भीती हा या विषयात केवळ सामाजिक प्रश्न न राहता वैद्यकीय प्रश्नही बनतो.

## उत्तेजक पदार्थ

मेंदू व मज्जासंस्थेचे कार्य तात्पुरते वाढवून जागृती, उत्साह आणि सुखाची भावना निर्माण करणाऱ्या पदार्थांना उत्तेजक पदार्थ म्हणतात. गर्भावस्थेच्या संदर्भात पुढील पदार्थांचा विचार प्रामुख्याने केला जातो.

* कोकेन : दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून मिळणारा पदार्थ. तो भुकटीच्या रूपात नाकाने ओढला जातो. त्यापासून तयार होणारे खडे तापवून त्यांचा धूर घेतला जातो. या खड्यांना 'क्रॅक' म्हणतात.
* ॲम्फेटामाइन व मेथॅम्फेटामाइन : प्रयोगशाळेत तयार होणारे कृत्रिम पदार्थ. मेथॅम्फेटामाइनचा परिणाम कोकेनपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतो.
* मेफेड्रोन : 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' या नावांनी मुंबई व परिसरात ओळखला जाणारा कृत्रिम पदार्थ.
* एमडीएमए : 'एक्स्टसी' या नावाने परिचित असलेला, उत्तेजक व भ्रमकारी असे दोन्ही गुणधर्म असलेला पदार्थ.

लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारावर डॉक्टर मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेतलेले असे औषध व्यसनाच्या व्याख्येत येत नाही. गर्भधारणा झाल्यावर ते चालू ठेवावे की थांबवावे, याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो.

## शरीरातील क्रिया

मेंदूतील पेशी डोपामाइन, नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या रसायनांद्वारे परस्परांना संदेश देतात. संदेश पोहोचल्यावर ही रसायने पुन्हा पेशींत शोषली जातात. कोकेन हे पुनर्शोषण अडवते. मेथॅम्फेटामाइन पुनर्शोषण अडवतेच, शिवाय पेशींमध्ये साठलेली रसायनेही बाहेर काढते. डोपामाइन साचल्यामुळे तीव्र सुखाची भावना निर्माण होते. नॉरॲड्रेनॅलिन वाढल्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके जलद होतात आणि रक्तदाब चढतो.

गर्भाला प्राणवायू आणि पोषण वारेतून (अपरेतून) मिळते. वारेकडे रक्त आणणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसल्या की गर्भाला होणारा पुरवठा तेवढ्या वेळापुरता घटतो. उत्तेजक पदार्थांचे रेणू लहान व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने ते वारेतून सहज पार होतात आणि गर्भाच्या रक्तातही पोहोचतात. अशा प्रकारे गर्भावर दोन मार्गांनी परिणाम होतो: एक पदार्थाचा प्रत्यक्ष परिणाम आणि दुसरा रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे होणारा अप्रत्यक्ष परिणाम.

## परिणाम

### मातेवरील परिणाम

उत्तेजक पदार्थांमुळे भूक मरते आणि झोप उडते. परिणामी गरोदरपणात अपेक्षित असलेली वजनवाढ होत नाही व रक्तक्षय बळावतो. तीव्र सेवनानंतर छातीत दुखणे, हृदयविकाराचा झटका, मेंदूतील रक्तस्राव, आकडी, संशयग्रस्तता आणि भ्रम असे प्रसंग ओढवू शकतात. अचानक चढलेला रक्तदाब व आकडी यांमुळे हे चित्र गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाच्या विकारासारखे (प्रीएक्लॅम्प्सियासारखे) भासू शकते. दोहोंच्या उपचारांत फरक असल्याने अचूक निदान महत्त्वाचे असते. सुईवाटे पदार्थ घेणाऱ्या स्त्रियांना एचआयव्ही तसेच 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

### गर्भावरील परिणाम

कोकेनच्या सेवनाशी वार अकाली सुटणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी जन्मवजन यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. वार वेळेआधी सुटल्यास मातेला रक्तस्राव होतो, गर्भाचा प्राणवायू तुटतो आणि दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

मेथॅम्फेटामाइनच्या बाबतीत गर्भाची वाढ खुंटणे हा ठळक परिणाम आहे. अमेरिकेतील चार शहरांत आणि पुढे न्यूझीलंडमध्ये झालेल्या 'आयडियल' या दीर्घकालीन अभ्यासाच्या अमेरिकेतील निष्कर्षांनुसार, गर्भावस्थेत मेथॅम्फेटामाइनचा संपर्क आलेली अर्भके गर्भकाळाच्या मानाने लहान भरण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट अधिक होती.

गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात सेवन थांबवणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतीचे निष्कर्ष, सेवन चालू ठेवणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत बरेच चांगले असतात. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात सेवन थांबवले तरीही पुढील वाढीला व प्रसूतीला त्याचा लाभ होतो. 'आता उशीर झाला' असे म्हणण्याजोगा टप्पा गर्भावस्थेत नसतो, हे समुपदेशनात आवर्जून सांगितले जाते.

### नवजात अर्भकावरील परिणाम

अफूजन्य पदार्थांच्या संपर्कातील अर्भकांमध्ये जन्मानंतर थरथर, सततचे रडणे, जुलाब, आकडी अशी तीव्र लक्षणे दिसतात व कधी कधी औषध द्यावे लागते. केवळ उत्तेजक पदार्थांच्या संपर्कातील अर्भकांत ही लक्षणे तुलनेने सौम्य असतात. काही अर्भके चिडचिडी, तर काही अतिशय झोपाळू व दूध ओढण्यास मंद असतात. शांत खोली, मंद प्रकाश, अंगाला अंग लावून धरणे आणि थोड्या थोड्या वेळाने दूध पाजणे एवढ्याने बहुतेकांची स्थिती सुधारते.

### दीर्घकालीन परिणाम

गर्भावस्थेत कोकेनच्या संपर्कात आलेल्या मुलांचा अभ्यास तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. अशा मुलांपैकी काहींमध्ये लक्ष टिकवणे, आवेग आवरणे आणि वर्तनाचे नियमन यांत सूक्ष्म अडचणी आढळतात. सर्वसाधारण बुद्धिमत्तेवर मोठा परिणाम होत असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. मुलाच्या जडणघडणीवर घरातील दारिद्र्य, हिंसा, आईचे मानसिक आरोग्य आणि संगोपनाची गुणवत्ता यांचा प्रभाव अधिक असल्याचे दिसून येते.

## 'क्रॅक बेबी' : एका समजाचा इतिहास

१९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील शहरांत क्रॅक कोकेनचा प्रसार झपाट्याने झाला. १९८५मध्ये बालरोगतज्ज्ञ आयरा चॅसनॉफ व सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात कोकेन घेणाऱ्या २३ गर्भवतींवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यास लहान होता आणि निष्कर्षही सावध होते. परंतु वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीने या विषयाला भडक रूप दिले. मेंदू कायमचा बिघडलेली, शाळेत टिकू न शकणारी आणि समाजावर भार होणारी मुलांची एक पिढीच जन्माला येत आहे, असे चित्र रंगवले गेले. अशा मुलांना 'क्रॅक बेबी' हे नाव पडले.

फिलाडेल्फिया येथे नवजात अर्भकतज्ज्ञ हॅलम हर्ट यांनी १९८९पासून पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांच्या २२४ अर्भकांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी सुमारे निम्म्या अर्भकांचा गर्भावस्थेत कोकेनशी संपर्क आला होता. उरलेल्यांचा आला नव्हता. दोन्ही गटांतील कुटुंबे गरीब वस्त्यांतील होती. मुले मोठी होत गेली तसतसे असे दिसून आले, की दोन्ही गटांच्या बुद्धिमापनात लक्षणीय फरक नाही. दोन्ही गट मात्र सर्वसाधारण सरासरीच्या खाली आहेत. फरक घडवणारा घटक कोकेनपेक्षा गरिबी हा असल्याचा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

२००१मध्ये बोस्टन येथील बालरोगतज्ज्ञ डेबोरा फ्रँक व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनापैकी ३६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू, मद्य, गांजा व घरातील परिस्थिती यांचे परिणाम वेगळे काढल्यावर, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत केवळ कोकेनमुळे घडलेली विशिष्ट विकासात्मक हानी खात्रीने दाखवता येत नाही, असे त्यात म्हटले होते.

या संशोधनाचा अर्थ कोकेन निरुपद्रवी आहे असा होत नाही. वार सुटणे, अकाली प्रसूती आणि कमी वजन हे धोके खरेच आहेत. बाळ जन्मण्यापूर्वीच त्याचे भवितव्य ठरून गेले, ही समजूत मात्र चुकीची ठरली. या समजुतीमुळे मुलांवर शाळेत शिक्का बसला आणि मातांवरील कारवाईला पाठबळ मिळाले.

## ओळख आणि तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये गर्भावस्थेतील पदार्थसेवनाची ओळख व व्यवस्थापन यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक गर्भवतीला, पहिल्या भेटीत लवकरात लवकर आणि पुढील प्रत्येक भेटीत, मद्य व अन्य पदार्थांच्या भूतकाळातील व सध्याच्या सेवनाविषयी विचारावे, अशी शिफारस त्यांत आहे. प्रश्न सर्वांनाच विचारल्यामुळे कोणा एकीवर संशय घेतल्यासारखे होत नाही. वस्ती, जात, आर्थिक स्थिती किंवा वेशभूषा पाहून काही निवडक स्त्रियांनाच विचारण्याची पद्धत अन्यायकारक तर असतेच, शिवाय तिच्यामुळे सुस्थितीतील घरांतील व्यसने नजरेआड राहतात.

प्रश्न एकांतात, नातेवाईक समोर नसताना आणि दोषारोपाचा सूर टाळून विचारावे लागतात. तंबाखू, मद्य अशा परिचित पदार्थांपासून सुरुवात करून मग अन्य पदार्थांकडे वळणे सोयीचे असते. जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' ही प्रश्नावली या कामी वापरली जाते.

लघवीच्या तपासणीला मर्यादा आहेत. कोकेनचे अवशेष लघवीत साधारणतः दोन ते तीन दिवस सापडतात. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात सेवन झाले असल्यास अधिक काळ. म्हणजे निष्कर्ष नकारात्मक आला तरी व्यसन नाही असे म्हणता येत नाही आणि सकारात्मक आला तरी त्यावरून व्यसनाची तीव्रता कळत नाही. काही सामान्य औषधांमुळेही प्राथमिक चाचणीत ॲम्फेटामाइनचा चुकीचा सकारात्मक निष्कर्ष येऊ शकतो. अशा वेळी अधिक अचूक पद्धतीने फेरतपासणी आवश्यक असते. अर्भकाच्या पहिल्या मलाच्या तपासणीतून गर्भावस्थेच्या उत्तरार्धातील संपर्काची माहिती मिळते. मातेची चाचणी तिला कारण समजावून, तिच्या संमतीनेच करावी, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचेही मत आहे.

## उपचार

### सर्वसाधारण तत्त्वे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांमागे पाच सूत्रे आहेत : प्रतिबंधाला प्राधान्य, उपचारांची उपलब्धता, स्त्रीच्या स्वायत्ततेचा आदर, सर्वांगीण सेवा आणि भेदभाव व कलंकापासून संरक्षण.

उत्तेजक पदार्थ थांबवताना मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नसते. अफूजन्य पदार्थ किंवा मद्य एकदम बंद करणे गर्भवतीला धोक्याचे ठरू शकते. उत्तेजक पदार्थ मात्र एकदम थांबवता येतात. थांबवल्यानंतर काही दिवस अतिझोप, अतिभूक, थकवा, चिडचिड आणि तीव्र खिन्नता जाणवते. ही लक्षणे साधारणतः एक-दोन आठवड्यांत ओसरतात. तलफ मात्र त्यानंतरही पुष्कळ काळ राहू शकते. खिन्नतेच्या काळात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून या दिवसांत स्त्री एकटी पडू नये याची काळजी घेतात. गरज भासल्यास तिला रुग्णालयात दाखल केले जाते.

### मानसोपचार व समुपदेशन

* प्रेरणादायी मुलाखत : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली पद्धत. यात समुपदेशक उपदेश करीत नाही. व्यसन सोडावेसे का वाटते आणि का वाटत नाही, हे स्त्रीच्याच तोंडून यावे आणि निर्णय तिचा असावा, यावर भर असतो.
* बोधात्मक वर्तनोपचार : तलफ केव्हा, कुठे आणि कोणाच्या संगतीत उफाळते हे ओळखणे, अशा प्रसंगांसाठी पर्यायी कृती ठरवणे आणि निराशेचे विचार तपासून पाहणे या उपचारात शिकवले जाते.
* बक्षीसपद्धती : उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर सर्वाधिक परिणामकारक ठरलेली पद्धत. व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी कोकेनच्या व्यसनावर तिचा पद्धतशीर वापर केला. ठरलेल्या दिवशी केलेल्या चाचणीत पदार्थ आढळला नाही तर लगेच कूपन दिले जाते. सलग यशानुसार कूपनाची किंमत वाढते; चाचणीत पदार्थ आढळल्यास ती पुन्हा मूळ रकमेवर येते. कूपनाच्या बदल्यात घरगुती सामान किंवा बाळाचे कपडे घेता येतात.

'पैसे देऊन व्यसन सोडवणे' अशी टीका बक्षीसपद्धतीवर होते. तिच्यामागील विचार असा की, पदार्थाचे सुख तत्काळ मिळते आणि व्यसनमुक्तीचे फळ मात्र अनेक महिन्यांनी. मधल्या काळात संयमालाही काही तत्काळ आणि दृश्य प्रतिफळ मिळावे. तपासणीला नियमित येण्यासाठीही ही पद्धत उपयोगी पडते. बक्षिसे थांबल्यावर परिणाम ओसरू नये म्हणून तिला समुपदेशनाची जोड देतात.

### औषधे

गर्भवतींच्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर नेहमीचा उपचार म्हणून औषध देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. नैराश्य, चिंता किंवा भ्रम यांसारखे मानसिक विकार सोबत असतील तर त्यांवर गर्भावस्थेत तुलनेने सुरक्षित मानली जाणारी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना सामान्यतः वगळले जात असल्याने या क्षेत्रातील ज्ञानाची वाढ मंद आहे.

### प्रसूतिपूर्व देखरेख

व्यसन पूर्णपणे सुटले नसले तरी प्रसूतिपूर्व देखरेखीचा लाभ होतोच. म्हणून सेवन चालू असल्याच्या कारणावरून तपासणी नाकारली जात नाही. देखरेखीत पुढील बाबींचा समावेश असतो.

* दर भेटीत वजन व रक्तदाबाची नोंद, रक्तक्षयाची तपासणी, लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या, आहाराविषयी सल्ला.
* सोनोग्राफीद्वारे गर्भकाळाची निश्चिती आणि नंतर ठरावीक अंतराने गर्भाच्या वाढीची पाहणी.
* एचआयव्ही, सिफिलिस आणि 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीसाठी रक्ततपासणी.
* दातांची तपासणी. मेथॅम्फेटामाइनच्या सेवनाने दात मोठ्या प्रमाणावर किडतात.
* घरगुती हिंसा, नैराश्य आणि निवाऱ्याची स्थिती यांविषयी विचारपूस.
* पोटात दुखणे, अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालयात येण्याची सूचना.

### इतर पदार्थांची जोड

केवळ एकाच पदार्थाचे व्यसन असलेल्या स्त्रिया कमी आढळतात. बहुतेकींमध्ये तंबाखू व मद्य यांची जोड असते. मद्य हे गर्भाच्या मेंदूस कायमची इजा करणारे द्रव्य असल्याचे सिद्ध झाले आहे. कोकेन व मद्य एकत्र घेतल्यास शरीरात कोकाएथिलीन हे हृदयाला अधिक घातक असलेले द्रव्य तयार होते. तंबाखूतील निकोटिनही रक्तवाहिन्या आकसवते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींवर झालेल्या आणि २००४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरीसारख्या धूरविरहित तंबाखूचा वापर करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. म्हणून उपचारांत बेकायदा पदार्थांइतकेच लक्ष कायदेशीर पदार्थांकडेही दिले जाते.

### तातडीचे प्रसंग आणि प्रसूती

तीव्र विषबाधेत स्त्रीला शांत ठिकाणी ठेवून बेंझोडायझेपिन गटातील औषध देतात. त्यामुळे अस्वस्थता, हृदयाची गती व रक्तदाब कमी होण्यास मदत होते. शरीराचे तापमान वाढले असल्यास ते त्वरेने उतरवतात. कोकेनमुळे चढलेल्या रक्तदाबावर केवळ बीटा-रोधक औषध दिल्यास रक्तवाहिन्या अधिक आकसण्याची भीती असते. म्हणून त्याऐवजी रक्तवाहिन्या प्रसरण करणारी औषधे निवडली जातात. रक्तस्राव होत असल्यास वार सुटल्याची शक्यता गृहीत धरून गर्भाच्या ठोक्यांची सतत नोंद ठेवली जाते व गरजेनुसार तातडीने प्रसूती केली जाते.

केवळ व्यसन आहे म्हणून सिझेरियन शस्त्रक्रिया करण्याचे कारण नसते. नुकत्याच झालेल्या सेवनाची माहिती भूलतज्ज्ञाला असणे मात्र अत्यावश्यक असते, कारण रक्तदाबातील चढउतार व काही औषधांना मिळणारा प्रतिसाद त्यामुळे बदलतो. दीर्घकालीन सेवनानंतर शरीरातील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा घटलेला असू शकतो आणि भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी दिलेले एफेड्रिन अपेक्षेप्रमाणे काम करीत नाही. भीतीपोटी लपवलेली माहिती अशा वेळी जिवावर बेतू शकते.

## प्रसूतीनंतर

उत्तेजक पदार्थ आईच्या दुधात उतरतात, म्हणून सेवन चालू असताना स्तनपान टाळण्याचा सल्ला देतात. गर्भावस्थेतच सेवन थांबवलेल्या आणि उपचार चालू असलेल्या मातेला स्तनपानासाठी प्रोत्साहन दिले जाते. स्तनपान शक्य नसले तरी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याचे महत्त्व कायम राहते.

गर्भावस्थेत व्यसनापासून दूर राहिलेल्या अनेक स्त्रिया प्रसूतीनंतरच्या महिन्यांत पुन्हा त्याकडे वळतात. जागरणे, थकवा, प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि गर्भावस्थेत मिळणाऱ्या सेवांचा अचानक होणारा शेवट ही त्याची कारणे आहेत. त्यामुळे उपचार प्रसूतीबरोबर न संपवता पुढे चालू ठेवणे आवश्यक मानले जाते. पुढील गर्भधारणा इच्छेनुसार व्हावी यासाठी गर्भनिरोधनाची माहितीही दिली जाते. आई व मूल यांना एकत्र ठेवणारी निवासी केंद्रे काही देशांत आहेत. मूल दुरावण्याची भीती नसल्याने अशा केंद्रांत स्त्रिया अधिक काळ टिकतात.

## कायदा आणि वैद्यकीय नीती

### अमेरिका

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहरात १९८९मध्ये एका सरकारी रुग्णालयाने पोलिसांच्या सहकार्याने एक धोरण राबवले. गर्भवतींच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी करून निष्कर्ष पोलिसांना कळवले जात. या धोरणाखाली अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी एक वगळता सर्व कृष्णवर्णीय होत्या. दहा स्त्रियांनी त्याविरुद्ध दाद मागितली. 'फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन शहर' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २००१ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. पोलिसांच्या उपयोगासाठी रुग्णाच्या संमतीविना केलेली अशी तपासणी ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार अवाजवी झडती ठरते, असे त्यात म्हटले आहे.

त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वी 'व्हिटनर विरुद्ध राज्य' या खटल्यात, जगण्यास सक्षम झालेला गर्भ बालसंरक्षण कायद्याच्या अर्थाने 'मूल' आहे असा निर्णय दिला होता. टेनेसी राज्याने २०१४मध्ये गर्भावस्थेतील अमली पदार्थांच्या सेवनाबद्दल मातेवर फौजदारी कारवाईची तरतूद केली; मुदत न वाढवल्याने २०१६मध्ये हा कायदा संपुष्टात आला.

शिक्षेच्या समर्थकांच्या मते गर्भाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे आणि कारवाईचा धाक स्त्रीला उपचाराकडे वळवतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत याविरुद्ध मत मांडले. तुरुंगवासाच्या किंवा मूल काढून घेतले जाण्याच्या भीतीने स्त्रिया तपासणीपासूनच दूर राहतात आणि त्यात माता व बाळ दोघांचीही हानी होते, असे त्यात म्हटले आहे.

### भारत

भारतात अमली पदार्थांचे सेवन 'अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' (एनडीपीएस कायदा) याच्या कलम २७नुसार दंडनीय आहे. याच कायद्याचे कलम ६४-अ मात्र, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. मेफेड्रोनचा समावेश या कायद्याच्या कक्षेत फेब्रुवारी २०१५मध्ये करण्यात आला.

'मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७' यानुसार मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत होतो. त्यामुळे गोपनीयतेचा व सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क अशा व्यक्तींनाही आहे. या कायद्याच्या कलम २१नुसार, उपचारासाठी दाखल असलेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. मुलाला धोका असल्याचे तज्ज्ञांचे मत असल्यासच तात्पुरता अपवाद करता येतो.

## भारतातील स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटात कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ०.१० टक्के, तर ॲम्फेटामाइन वर्गातील पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ०.१८ टक्के होते. मद्य, भांग-गांजा व अफूजन्य पदार्थ यांच्या तुलनेत हे प्रमाण कमी असले तरी देशाची लोकसंख्या पाहता संख्या लहान नाही.

भारतातील बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांची रचना पुरुष रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. स्त्रीच्या व्यसनाला पुरुषाच्या व्यसनापेक्षा अधिक मोठा कलंक मानले जाते आणि ती गरोदर असेल तर तो दुणावतो. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग चालवला आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान' या योजनेत २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन यांच्या नोंदीबरोबर पदार्थसेवनाविषयीचे दोन-तीन साधे प्रश्न विचारण्यासाठी अशा भेटी ही उपयुक्त संधी असते. होकारार्थी उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे त्या केंद्रातील परिचारिकेला आणि आशा कार्यकर्तीला ठाऊक असणे त्यासाठी आवश्यक आहे.

## हे सुद्धा पहा

* व्यसनमुक्ती
* गर्भावस्था
* प्रसूतिपूर्व तपासणी
* कोकेन
* मेफेड्रोन
* कमी जन्मवजन